अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि आतड्याचे दुखणे

अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकणे एवढेच येते. प्रत्यक्षात ती साऱ्या पोटाची शस्त्रक्रिया असते. हा आजार बहुतेक स्त्रियांमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात कळतो आणि तोवर त्याच्या पेशी उदरपोकळीभर पसरलेल्या असतात. बेंबीच्या वरपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभा छेद घेऊन गर्भाशय, दोन्ही अंडाशय आणि बीजवाहिन्या काढल्या जातात. आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा, ज्याला ओमेंटम म्हणतात, तोही जातो. पोटाच्या आतल्या अस्तराचे रोगट भाग सोलून काढावे लागतात, आणि गाठ आतड्याला धरून बसली असेल तर आतड्याचा तेवढा तुकडा कापून टोके पुन्हा जोडावी लागतात. डोळ्यांना दिसेल असा रोग मागे ठेवायचा नाही हे उद्दिष्ट, कारण रुग्ण किती जगणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. त्यासाठी सर्जन लहान आतडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात घेऊन तपासतो. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या 2022च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला 47 हजारांहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो, आणि ज्यांची शस्त्रक्रिया होते त्यांतल्या अनेकींना नंतर आतड्याची काही ना काही तक्रार राहते. पाठपुराव्याच्या भेटीत मात्र बोलणे होते ते रक्तातली कर्करोगाची खूण, सीए-125, किती आली, स्कॅनमध्ये काय दिसले, पुढची केमो कधी, याबद्दल. ‘पोट दुखतं’ असे कुणी म्हटले तर सहसा दोन उत्तरे मिळतात: एवढे मोठे ऑपरेशन झाले, दुखणारच; किंवा, स्कॅन करून घ्या. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे माझे म्हणणे आहे. या काळातली पोटदुखी अनेक कारणांनी होते. ती कधी सुरू झाली, कशी येते आणि सोबत काय घेऊन येते, एवढे नीट विचारले तरी ती कारणे बऱ्याच प्रमाणात वेगळी काढता येतात. त्यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. म्हणून ही चौकशी कर्करोगाच्या उपचारातच धरली पाहिजे.

सुरुवात पहिल्या काही दिवसांपासून करू. हाताळलेले आतडे थबकते. त्याच्या भिंतीत सूज येते, चलनवलन मंदावते, आत वायू आणि पाणी साचते, पोट फुगते. लहान आतडे साधारण दिवसभरात, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठे आतडे दोन-तीन दिवसांत पुन्हा हलू लागते. म्हणून राउंडला आलेले डॉक्टर रोज ‘वात सरला का?’ असे विचारतात. आतडे कापल्यावर किंवा टोचल्यावर फारसे दुखत नाही, ते ताणले गेले की दुखते, आणि या दिवसांतली कळ मुख्यतः त्या ताणाची असते. पूर्वीची पद्धत अशी की वात सरेपर्यंत तोंडाने काही द्यायचे नाही, नाकातून नळी ठेवायची, सलाइन भरपूर चढवायचे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990च्या दशकात या प्रत्येक रिवाजाला पुरावा विचारला आणि त्यातून शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्याची एक शिस्त उभी राहिली. तिला एरास म्हणतात. स्त्रीरोग-कर्करोगासाठी तिची मार्गदर्शक तत्त्वे 2016 मध्ये आली आणि पुढे सुधारली गेली. चोवीस तासांच्या आत खाणे सुरू करणे, नाकातली नळी सरसकट न ठेवणे, सलाइन मोजके देणे, लवकर उठवून चालवणे हा तिचा गाभा. 2021 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा रुग्णालयातला मुक्काम सरासरी दीड दिवसाहून अधिक कमी झालेला दिसला आणि गुंतागुंतीही सुमारे एक तृतीयांशाने घटलेल्या दिसल्या. च्युइंगगम चघळल्याने आतडे लवकर जागे होते असे बऱ्याच चाचण्यांत आढळले, आणि तुर्कस्तानातल्या 2017च्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर कॉफी दिलेल्या स्त्रियांमध्ये वात लवकर सरला. नातेवाइकांना धास्ती असते की इतक्या लवकर खायला दिले तर आतले टाके सुटतील. लवकर खाणाऱ्यांना मळमळ थोडी जास्त होते, पण जोड सुटण्याचे प्रमाण वाढलेले आढळत नाही. पोट वाढत्या प्रमाणात फुगत असेल किंवा उलट्या होत असतील तेव्हा मात्र थांबायलाच हवे. आतड्याचा जोड घातलेला असेल आणि पहिल्या आठवड्यात ताप, वाढलेली नाडी आणि चढत जाणारे दुखणे दिसले, तर जोड गळत नाही ना हा प्रश्न त्याच दिवशी सुटला पाहिजे.

वेदनाशामकांपाशी येऊन हा विषय अवघड होतो. मॉर्फीन आणि त्याच्या कुळातली औषधे मेंदूत वेदना थांबवतात, पण त्यांना पकडणारे ग्राही आतड्याच्या भिंतीतही असतात आणि तिथे ती चलनवलन मंद करतात. मग आतड्यासाठी वेदना सोसायची का? असा सल्ला घरातली मोठी माणसे देतात, कधी कर्मचारीही देतात, आणि तो चुकीचा आहे. दुखणाऱ्या पोटाने बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही, आणि न चालणारीचे आतडे आणखी सुस्तावते. उत्तर आहे ते औषधांची वाटणी करण्यात. पॅरासिटामॉल वेळेवर द्यायचे, योग्य असेल तिथे दाहशामक द्यायचे, पोटाच्या भिंतीतल्या किंवा पाठीच्या कण्यापाशी असलेल्या नसा बधिर करायच्या, आणि मॉर्फीन लागेल तेवढेच वापरायचे. आपल्याकडे प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने वैद्यकीय मॉर्फीन मिळणे दुरापास्त करून ठेवले होते. 2014च्या दुरुस्तीने नियम सैल केले, तरी मोठ्या शहरांबाहेर ते आजही सहज हाती येत नाही आणि ‘सवय लागेल’ ही भीती तर सगळीकडे आहे. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनने व्यसन लागणे विरळ आहे. त्याच्या जागी सर्रास लिहिले जाणारे ट्रामाडॉलही त्याच कुळातले आहे आणि आतड्याला तेही मंद करते. या औषधांची गुंगी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र शरीराच्या अंगवळणी पडत नाही. म्हणून मॉर्फीन किंवा ट्रामाडॉलच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी पोट साफ ठेवणारे औषध लिहिलेले असायला हवे.

घरी आल्यावर बहुतेकींचे दुखणे या बद्धकोष्ठाभोवती फिरते. घरातल्या टेबलावरची औषधे एकदा नीट पाहावीत. वेदनेसाठी ट्रामाडॉल, केमोच्या उलट्या थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन, रक्त वाढवायला लोहाच्या गोळ्या: तिन्ही आतडे आवळणारी, आणि तिन्ही बहुधा वेगवेगळ्या भेटींत लिहिलेली. त्यात खाणे निम्म्यावर आलेले असते, पाणी कमी पडते, हालचाल नसते, आणि टाक्यांच्या भीतीने जोर द्यायला मन घेत नाही. चार दिवसांनी डाव्या ओटीपोटात कळा सुरू होतात. पुढे कधी कधी घट्ट मळाच्या बाजूने पातळ पाणी झिरपते, घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात, आणि अडथळा आणखी पक्का होतो. दुसरी चूक पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी ठेवलेल्या गोळीची. तिच्यात बहुधा मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि डायसायक्लोमीन असते. डायसायक्लोमीन मुरडा थांबवते ते आतड्याची हालचाल कमी करून, म्हणजे बद्धकोष्ठात ते उलटे काम करते. मेफेनॅमिक अ‍ॅसिड केमोच्या काळात, प्लेटलेट कमी असताना किंवा प्लॅटिनमच्या औषधांनी मूत्रपिंडावर भार असताना, डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. रेचकांमध्येही निवड लागते. मॅक्रोगॉलची पावडर मळात पाणी धरून ठेवते, सेन्ना किंवा बिसाकोडिल आतड्याला हलवते, आणि मॉर्फीनच्या बद्धकोष्ठात ही दोन्ही उपयोगी पडतात. लॅक्ट्युलोजने काहींचे पोट फार फुगते. इसबगोल निरुपद्रवी म्हणून लगेच दिले जाते, पण मंदावलेल्या आतड्यात आणि कमी पाणी पिणाऱ्या बाईच्या पोटात त्याचा गोळा साचू शकतो. एरंडेल आणि सोनामुखीची चूर्णे आतड्याला जोराने ढकलतात. आत कुठे अरुंद जागा असेल तर हे ढकलणे धोक्याचे. एनिमा आणि गुदमार्गे घेण्याच्या गोळ्याही पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना किंवा गुदाशयाजवळ ताजा जोड असताना स्वतःच्या मनाने वापरू नयेत.

आहाराबद्दल सल्ला देणाऱ्यांची कमी नसते, आणि बराचसा सल्ला एकमेकांना छेद देणारा असतो. एकजण म्हणते भरपूर पालेभाज्या खा, दुसरी म्हणते फक्त पेज घे. खरे तर दोन्ही आपापल्या वेळी बरोबर. पहिले काही आठवडे, विशेषतः आतड्याचा जोड घातलेला असेल तर, चोथा कमी असलेले अन्न सोसते: मऊ भात, मुगाचे वरण, पेज, रव्याची खीर, उकडून मॅश केलेला बटाटा, पिकलेले केळे, अंडे. दिवसातून तीनदा पोटभर जेवण्यापेक्षा सहा वेळा थोडे थोडे खाल्ले तर पोट कमी ताणले जाते. वाल, चवळी, छोले, मोडाची कडधान्ये, कोबी आणि फ्लॉवर यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचा वायू करतात, आणि सुजलेल्या आतड्यात तो वायू कळ आणतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने याच तत्त्वावर आहाराची एक पद्धत बसवली. ती संवेदनशील आतड्याच्या रुग्णांना उपयोगी पडते, पण आधीच वजन घटलेल्या कर्करोगाच्या रुग्णाने ती आहारतज्ज्ञाविना लांबवू नये. पुढे आतडे सावरले की चोथा हळूहळू वाढवायचा, बहुतेकींना वाढवता येतो. आतड्यात कुठे अरुंदपणा राहिला असेल तर मात्र मक्याचे दाणे, पेरूच्या बिया, संत्र्याच्या साली, नारळाचा चव, शेवग्याच्या शेंगांचा चोथा असे न विरघळणारे पदार्थ वर्षानंतरही अडकू शकतात. कोणती गोष्ट कुणाला चालेल हे ठरवायला दोन आठवड्यांची वही पुरते. तिच्यात काय खाल्ले, कळ किती वाजता आली, कुठे आली, किती वेळ टिकली, वात सरल्यावर किंवा शौचाला जाऊन आल्यावर कमी झाली का, आणि त्या दिवशी कोणते औषध घेतले, एवढे लिहावे. अशा वहीची दोन पाने पाहून डॉक्टरांना जे कळते ते ‘अधूनमधून दुखतं’ या उत्तरातून कळत नाही.

ज्यांचा गुदाशयाजवळचा आतड्याचा भाग काढला आहे त्यांची तक्रार निराळी. मळ साठवायची जागा लहान झाल्याने तासाभरात चार-पाचदा जावे लागते, घाई थांबवता येत नाही, तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. गुदाशयाच्या कर्करोगात ही लक्षणे इतकी ओळखीची आहेत की डॅनिश संशोधकांनी 2012 मध्ये त्यांची गुणपत्रिका तयार केली. अंडाशयाच्या कर्करोगात तोच भाग काढला जातो आणि तीच लक्षणे येतात, तरी स्त्रीरोग विभागात त्यांची विचारपूस क्वचित होते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, मळ घट्ट ठेवणारा आहार आणि मोजकी औषधे यांनी यात फरक पडतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला असेल तर पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरून जुलाब आणि मुरडा होतो, आणि त्यावर कोलेस्टिरामीनसारखे ठरावीक औषध आहे. आतड्याचे तोंड पोटावर काढून (स्टोमा) पिशवी लावलेल्यांना स्टोमा परिचारिकेची भेट शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मिळाली पाहिजे. पिशवीत काही येणे थांबले आणि पोट दुखू लागले तर तो अडथळा समजावा.

महिने उलटल्यावर पोटदुखीचे सारे खापर चिकटलेल्या पडद्यांवर, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटवणाऱ्या ऊतींच्या पट्ट्यांवर, फुटते. उघडलेल्या पोटात असे पडदे बहुतेकांच्या तयार होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यांचा कधी त्रास होत नाही. मग दुखते त्यांचे पडदे कापून का टाकू नयेत? हा प्रश्न नेदरलँड्समध्ये सरळ चाचणीला लावला गेला. जुनाट पोटदुखी असलेल्या शंभर रुग्णांची दुर्बिणीतून तपासणी झाली. निम्म्यांचे पडदे सोडवले, निम्म्यांचे नुसते पाहून सोडून दिले. 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा: दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणांना बरे वाटले आणि दोन्हींत फरक नव्हता. हे रुग्ण कर्करोगाचे नव्हते, तरी शिकवण लागू पडते. निव्वळ दुखते म्हणून पुन्हा पोट उघडण्यात नव्या पडद्यांचा आणि आतड्याला इजा होण्याचा धोका आहे, फायदा अनिश्चित. आतडे खरोखर अडले असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही नाकातली नळी, सलाइन, विश्रांती यांनी अनेकदा सुटका होते. टाक्यांच्या रेषेवर खोकताना फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तोही हाताने तपासून लवकर कळतो.

या सगळ्यावर सावली आहे ती आजार परतण्याच्या भीतीची, आणि ती निराधार नाही. पुढच्या टप्प्यात निदान झालेल्या बहुसंख्य स्त्रियांमध्ये हा कर्करोग पुन्हा डोके वर काढतो, आणि पोट फुगणे, थोडे खाऊन भरल्यासारखे वाटणे, ओटीपोट दुखणे ही त्याची लक्षणे बद्धकोष्ठाच्या लक्षणांशी मिळतीजुळती आहेत. म्हणून काहींचा आग्रह असतो की प्रत्येक कळेला सीए-125 आणि स्कॅन व्हावा. इथे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपातली मोठी चाचणी आठवावी. लक्षणे नसताना केवळ सीए-125 वाढला म्हणून लवकर केमो सुरू केलेल्या स्त्रिया, लक्षणे येईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. त्यांचे जगणे मात्र आधीच उपचारांनी वेढले गेले. या चाचणीचा अर्थ तपासण्या करूच नयेत असा काढणे गैर होईल, कारण 2021च्या जर्मन नेतृत्वाखालील चाचणीने दाखवले की निवडक स्त्रियांमध्ये परतलेला आजार दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढल्यास आयुष्य वाढते. शिवाय दुखणे हे स्वतःच लक्षण आहे. मला यातून निघणारा मार्ग असा दिसतो: कळ येते-जाते, खाण्याशी किंवा शौचाशी जोडलेली आहे, रेचकाने उतरते, तर आधी आतड्याचा उपचार करून दोन-तीन आठवडे पाहावे. तीच तक्रार नवी असेल, रोजची असेल, वाढत असेल, सोबत पोटाचा घेर वाढत असेल किंवा वजन घटत असेल, तर तपासणी लांबवू नये. बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगाचे औषध घेणाऱ्यांच्या आतड्याला छिद्र पडण्याचा धोका थोडा अधिक असतो, त्यांची अचानक उठलेली तीव्र पोटदुखी त्याच तासाला पाहावी लागते.

सर्व तपासण्या चांगल्या येऊनही दुखत राहणाऱ्या स्त्रिया उरतात, आणि ‘हे मनाचं आहे’ हे वाक्य ऐकावे लागते ते त्यांनाच. आतड्याला स्वतःचे कोट्यवधी चेतापेशींचे जाळे आहे आणि ते मेंदूशी सतत निरोप देत-घेत असते. शस्त्रक्रियेने आणि दाहाने हे जाळे जास्त संवेदनशील होते, मग एरवी न जाणवणारा वायूही दुखू लागतो, आणि भीती त्या निरोपांचा आवाज वाढवते. दुखणे खरेच असते. त्यावर झोपताना घ्यायची अमिट्रिप्टिलीनची अल्प मात्रा, पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव, रोजचे चालणे, शेक आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. अमिट्रिप्टिलीनने बद्धकोष्ठ वाढू शकते, हे देणाऱ्याने लक्षात ठेवावे. शेक घेताना टाक्यांभोवतीची बधिर कातडी भाजणार नाही हेही पाहावे.

राहता राहिला व्यवहाराचा आक्षेप. टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात एकेका डॉक्टरपुढे रुग्णांची रांग असते आणि जीव वाचवण्याच्या धावपळीत आतड्याचे कोण विचारणार, असे म्हटले जाते. अडचण खरी आहे. पण शौचाला कधी झाले, वात सरतो का, कळ कशी येते, खाणे किती जाते, हे चार प्रश्न परिचारिका दोन मिनिटांत विचारू शकते आणि उत्तरे केसपेपरवर लिहू शकते. त्याला यंत्र लागत नाही. विदर्भातून किंवा कोकणातून मुंबईला येणाऱ्या बाईसाठी तर हे प्रश्न फोनवरही विचारता येतात. वेळेत न हाताळलेल्या बद्धकोष्ठापायी रात्री आपत्कालीन विभाग गाठावा लागणे रुग्णाला आणि रुग्णालयाला, दोघांनाही कितीतरी महाग पडते. वेदनाशामक उपचाराचा विभाग शेवटच्या दिवसांसाठीच असतो ही समजूतही सोडायला हवी. पहिल्या केमोपासून त्याची मदत मागता येते.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी मागून घ्या: कोणते औषध आतडे आवळते आणि त्यावर कोणते रेचक, हे लिहिलेला कागद, पहिल्या सहा आठवड्यांचा आहार, आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर. कळा लाटांसारख्या येत असतील, उलट्या थांबत नसतील, पोट ताठ झाले असेल आणि वात व शौच दोन्ही बंद असतील, किंवा पोटदुखीबरोबर थंडीताप आला असेल, तर रेचक, चूर्ण किंवा पोटदुखीची गोळी देऊ नका, खाणे थांबवा आणि शस्त्रक्रिया झालेल्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच वेळी पोहोचा.